फॉर्मवर नसलेलं फील्डही सेव्ह होतंय! मास असाइनमेंट तुम्ही कशी अडवता?

ऐरोलीचा_अव्या

मंडळी, तांत्रिक धागा आहे. कंटाळा येणाऱ्यांनी थेट खाली जाऊन पाचपाखाडीकरांचा विनोद वाचावा, तो येणारच.

महापे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही गृहनिर्माण सोसायट्यांसाठी अ‍ॅप बनवतो: मेंटेनन्सची बिलं, पावत्या, तक्रारी, पार्किंग. मागे स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). सदस्याने आपली माहिती बदलायचा एक स्क्रीन आहे, त्यात मोबाइल, ईमेल आणि गाडीचा नंबर अशी तीनच खोकी. पण सर्व्हरवर जे येतं ते सगळं थेट 'सदस्य' या एंटिटीत (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेल्या क्लासमध्ये) ओतलं जातं आणि सेव्ह होतं. त्याच एंटिटीत थकबाकी आहे, फ्लॅटचं क्षेत्रफळ आहे, भूमिकाही आहे, म्हणजे साधा सदस्य, कमिटी मेंबर की सेक्रेटरी. आमच्याच टेस्ट सर्व्हरवर पोस्टमनमधून (सर्व्हरला हवी ती रिक्वेस्ट पाठवायचं टूल) मोबाइल नंबरासोबत थकबाकी शून्य अशी जोडून पाठवली. गुपचूप सेव्ह झाली. यालाच मास असाइनमेंट म्हणतात: बाहेरून आलेली सगळी फील्डं न बघता भरून टाकणं. वर हिरवा मेसेज, 'माहिती अद्ययावत झाली'.

सरांना दाखवलं. म्हणाले, "फॉर्मवर ते फील्डच नाही तर सदस्य पाठवेल कशाला? आणि सोसायटीतल्या काकांकडे पोस्टमन असतो का?"

टीममध्ये दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, नको असलेल्या फील्डांची यादी करून बाइंडरला (आलेली माहिती ऑब्जेक्टमध्ये भरणाऱ्या भागाला) द्यायची, विषय संपला. माझं म्हणणं, दर स्क्रीनसाठी वेगळा इनपुट क्लास करायचा आणि त्यात तेवढीच फील्डं ठेवायची. याला विरोध असा की चाळीसेक एंटिटी आहेत, नुसते क्लासच लिहीत बसायचं का?

तुमच्याकडे काय करता? आणि हे बघणं मुळात फ्रेमवर्कचं काम की आपलं?

सानपाडा_स्लो

सरांना सांग, पोस्टमन लागत नाही. क्रोममध्ये एफ-१२ दाबलं की झालं. काकांचा नातू बारावीला असेल तर त्याला हे येतं.

वागळे_इस्टेट

अव्या, हा रोग जुना आहे रे बाबा. पीएचपीत रजिस्टर ग्लोबल्स नावाचा प्रकार होता. यूआरएलमध्ये जे लिहाल ते थेट प्रोग्रॅममधलं व्हेरिएबल. पत्त्याच्या शेवटी 'अ‍ॅडमिन=१' लावलं आणि कोड गबाळा असला की तुम्ही अ‍ॅडमिन! २००२ साली ४.२ मध्ये ते मुळातच बंद ठेवायला लागले आणि ५.४ मध्ये कायमचं काढून टाकलं. हे ५.४ आलं १ मार्च २०१२ ला.

आणि योगायोग बघ, त्याच आठवड्यात, ४ मार्चला, गिटहबवर (कोड ठेवायची साइट, रेल्सवरच बनलेली) रेल्सचं (रूबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) तेच दुखणं चव्हाट्यावर आलं. इगोर होमाकोव नावाच्या रशियन मुलाने आधी रेल्सवाल्यांना सांगून पाहिलं की संरक्षण आपोआप चालू असू द्या, लोक विसरतात. उत्तर मिळालं की ते ज्याचं त्याने बघावं. मग त्याने गिटहबवर पब्लिक की (कोडमध्ये बदल पाठवताना ओळख पटवणारी किल्ली) भरायचा फॉर्म घेतला आणि सोबत यूजर आयडी जोडून पाठवला, रेल्सच्या एका माणसाचा. की त्या खात्याला चिकटली आणि पठ्ठ्याने खुद्द रेल्सच्या रिपॉझिटरीत कमिट (कोडमधला बदल) टाकून दाखवलं. गिटहबने आधी त्याचं खातं बंद केलं, मग परत दिलं.

मुद्दा असा की तेव्हाही रेल्समध्ये मॉडेलवर (तुमच्या एंटिटीसारखा क्लास) परवानगीची यादी लावायची सोय होती. नव्हती ती सक्ती. महिना संपायच्या आत ३.२.३ आलं आणि नव्या प्रोजेक्टमध्ये यादी दिल्याशिवाय काही भरलं जाईना. पुढच्या वर्षी रेल्स ४ मध्ये स्ट्राँग पॅरामीटर्स आले आणि ती यादी मॉडेलमधून उचलून कंट्रोलरमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये) गेली. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, पण घोडबंदरला बसमध्ये उभा आहे, एका हाताने टाइप करतोय. नंतर लिहितो.

पाचपाखाडीकर

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नाही. मागच्या सर्वसाधारण सभेत लोक सतरंजीखाली लपायचे तेवढे बाकी होते. एखादा हॅकर भूमिका=सेक्रेटरी पाठवून स्वतःहून होत असेल तर कृपा करून त्याला अडवू नका. हार-नारळ घेऊन येतो आम्ही.

निळी_शाई

@पाचपाखाडीकर, लोल. तो हॅकर गच्चीच्या गळतीची पहिली तक्रार बघूनच भूमिका परत 'सदस्य' करेल.

अव्या, घणसोलीत टेस्टिंग करते, रोजचं काम हेच. तुझ्या सरांचा खरा प्रश्न असा असायला हवा होता की थकबाकीच्या फील्डचं नाव बाहेरच्याला कळतं कसं? अंदाज लावावा लागत नाही, तुमचंच अ‍ॅप सांगतं. प्रोफाइलचं पान उघडताना सर्व्हर पूर्ण एंटिटी जेसन (माहिती पाठवायचं मजकुराचं स्वरूप) करून पाठवतो ना? स्क्रीनवर तीन खोकी दिसतात, पण ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये थकबाकी, क्षेत्रफळ, भूमिका, तयार केल्याची तारीख, सगळं असतं. ते उत्तर कॉपी करायचं, एक आकडा बदलायचा आणि तसंच्या तसं परत पाठवायचं. मी टेस्ट करते तेव्हा पहिली चाचणी हीच. जे मिळालं ते जसंच्या तसं परत पाठव आणि बघ काय काय गिळतंय.

म्हणून ओवॅस्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या यादीत २०१९ साली जास्तीची माहिती देणं तिसऱ्या जागी आणि मास असाइनमेंट सहाव्या जागी असे दोन वेगळे धोके होते, ते २०२३ मध्ये एकत्र करून तिसऱ्या जागी ठेवले. दुखणं एकच: कोणाला कोणतं फील्ड वाचता येईल आणि कोणतं लिहिता येईल हे कोणी ठरवलेलंच नसतं. तेव्हा इनपुटचा क्लास वेगळा करशील तेव्हा आउटपुटचाही कर.

लाराव्हेलप्रेमी

एवढं महाभारत कशाला? आमच्याकडे लाराव्हेलमध्ये (पीएचपीचं फ्रेमवर्क) मॉडेलवर फिलेबलची, म्हणजे भरता येणाऱ्या फील्डांची यादी लिहायची. यादीत नसलेलं फील्ड कोणी पाठवलं तर ते गळून पडतं. जावावाल्यांना साधं काही जमतच नाही.

सानपाडा_स्लो

@लाराव्हेलप्रेमी, आणि अर्ध्या प्रोजेक्टांत फिलेबलऐवजी गार्डेड (बंदीची यादी) लिहून समोर रिकामा कंस ठेवलेला असतो, त्याचं काय? वर रिक्वेस्टमधलं 'ऑल' (आलेलं सगळं) थेट क्रिएटला. सही केलेला कोरा चेकच तो.

लाराव्हेलप्रेमी

ते लिहिणाऱ्याचं पाप, लाराव्हेलचं नाही. 'ऑल'च्या जागी 'व्हॅलिडेटेड' वापरा, जे नियम लिहिलेत तेवढीच फील्डं मिळतात. बाकी एक खरं, फिलेबलमध्ये टाकायचं राहिलं तर फील्ड गुपचूप गळतं आणि नवीन पोरं अर्धा दिवस 'सेव्ह का होत नाही' म्हणून डोकं आपटत बसतात. त्यातूनच मग कोणीतरी वैतागून गार्डेड रिकामं करतं. नव्या आवृत्त्यांत स्ट्रिक्ट मोड आहे. डेव्हलपमेंटच्या मशिनवर तो चालू ठेवा, गळण्याऐवजी एरर येते.

कामोठे_कट्टा

अव्या, इनिट-बाइंडर (स्प्रिंगच्या बाइंडरची सेटिंग) लिही, त्यात डिसअलाउड फील्ड्समध्ये (बंदीच्या यादीत) थकबाकी, भूमिका, क्षेत्रफळ टाक. दोन ओळी. चहा घे.

जावाबिवा

@कामोठे_कट्टा, चहा घ्या, पण या दोन ओळींवर विसंबू नका. दोन कारणं आहेत.

पहिलं. इनिट-बाइंडरमधली अलाउड किंवा डिसअलाउड यादी फक्त फॉर्म आणि क्वेरी पॅरामीटरच्या बाइंडिंगला लागू पडते. मोबाइल अ‍ॅप जेसन पाठवत असेल आणि कंट्रोलरला रिक्वेस्ट-बॉडी लावलेलं असेल, तर तिथे ऑब्जेक्ट जॅक्सन (जेसन वाचणारी लायब्ररी) भरतं. जॅक्सनला तुमच्या यादीचा पत्ताही नसतो. लोक यादी लिहितात, वेबवर तपासतात, खूश होतात, आणि मोबाइलची बाजू सताड उघडी.

दुसरं म्हणजे बंदीची यादी ही कल्पनाच कच्ची आहे, आणि याचा दाखला खुद्द स्प्रिंगच्या इतिहासात आहे. फॉर्म बाइंडिंगमध्ये टिंब देऊन आत-आत जाता येतं: सदस्य, टिंब, फ्लॅट, टिंब, क्षेत्रफळ. जावातल्या प्रत्येक ऑब्जेक्टला गेट-क्लास असतंच, त्यामुळे बाइंडरला 'क्लास' हेही एक फील्डच दिसतं. २०१० साली कळलं की तिथून क्लासलोडरपर्यंत (क्लास मेमरीत आणणारा भाग) पोचून गोंधळ घालता येतो. दुरुस्ती काय केली? क्लासच्या पुढे क्लासलोडर या नावाला बंदी. बरीच वर्षं सगळं शांत. २०१७ ला जावा ९ आलं, त्यात मॉड्यूल आले आणि क्लासला 'मॉड्यूल' हे नवीन फील्ड मिळालं. म्हणजे क्लास, मॉड्यूल, क्लासलोडर अशी दुसरी वाट तयार झाली. ती बंदीच्या यादीत असणार कशी? यादी लिहिली तेव्हा ती वाट अस्तित्वातच नव्हती. मार्च २०२२ च्या शेवटी हे फुटलं, स्प्रिंगफोरशेल म्हणून गाजलं. हल्लेखोर या वाटेने टॉमकॅट या वेब सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगची सेटिंग बदलायचे, फाइलचं नाव, फोल्डर, मजकुराचा साचा वगैरे, आणि लॉग म्हणून टॉमकॅटकडूनच स्वतःची जेएसपी (सर्व्हरवर चालणारं जावाचं पान) फाइल लिहून घ्यायचे. सर्व्हर खिशात. स्प्रिंगच्या ५.३.१८ आणि ५.२.२० मध्ये ते बंद केलं.

आणि पुढच्याच महिन्यात निघालं की डिसअलाउड फील्ड्सची यादी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करते. पहिलं अक्षर कॅपिटल करून पाठवलं की यादी चुकवता येत होती! तेही दुरुस्त झालं, पण स्प्रिंग लिहिणाऱ्यांना बंदीची यादी नीट सांभाळता आली नाही तिथे महाप्यातल्या टीमने कुठे सांभाळायची? उद्या एंटिटीत 'व्याजमाफी' नावाचं फील्ड आलं, तर ते बंदीच्या यादीत घालायचं कोण लक्षात ठेवणार?

अलाउड यादी लिहा. त्याहून बरं, वेगळा क्लास. जे फील्ड क्लासमध्येच नाही ते भरणार कशात?

ऐरोलीचा_अव्या

@जावाबिवा, दंडवत. आमच्याकडे दोन्ही आहे. कमिटीचे स्क्रीन जुन्या जेएसपीवर, सदस्यांचं मोबाइल अ‍ॅप जेसनवर. म्हणजे ती दोन ओळींची यादी लावली असती तर नेमकी सदस्यांची बाजू उघडी राहिली असती. हा प्रतिसाद प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवतो.

@निळी_शाई, बघितलं आत्ताच. प्रोफाइलच्या उत्तरात भूमिका तर आहेच, शेजारी ओटीपीचा हॅशसुद्धा येतोय. त्याचं तिकीट वेगळं टाकलं.

खाडीपूल

अवांतर: महाप्यात एमआयडीसीच्या नाक्यावर वडापाव बरा कुठे मिळतो? पुढच्या महिन्यापासून तिकडे जॉइन होतोय, ट्रान्सहार्बरने ठाण्याहून.

कामोठे_कट्टा

घणसोलीला उतर आणि रिक्षाच्या रांगेच्या शेपटाकडे बघ. जिथे रांगेतली माणसं हातात कागद धरून खात असतील तिथे जा. सकाळी नऊनंतर ठाण्याहून बसायला जागा मिळेल ही आशा सोड.

आणि @जावाबिवा, मान्य. चहा मात्र घेतला.

नोडी_बाबा

आमच्याकडे नोडवर (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट) वेगळीच मजा. टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप लावलेली जावास्क्रिप्ट) सुंदर टाइप लिहिलेला असतो, मोबाइल, ईमेल, गाडी. सगळ्यांना वाटतं झालं संरक्षण. पण टाइप कंपाइल होताना पुसले जातात, चालत्या प्रोग्रॅममध्ये रिक्वेस्टची बॉडी म्हणजे जे आलं ते. ऑब्जेक्ट-असाइनने ते डेटाबेसच्या नोंदीवर ओतलं की भूमिका आतच. नेस्ट (नोडचं फ्रेमवर्क) वापरत असाल तर व्हॅलिडेशन पाइपमध्ये व्हाइटलिस्ट चालू करा, ते आपोआप चालू नसतं. त्याच्या जोडीला अनोळखी फील्ड आलं तर एरर द्यायचा पर्यायही आहे, मी दोन्ही लावतो.

पण अव्या, क्लासांचा विरोध करणाऱ्यांची बाजूही समजून घे. आमच्या आधीच्या टीमने प्रत्येक गोष्टीला क्रिएटचा, अपडेटचा, यादीचा, तपशिलाचा असे क्लास पाडले होते. एक फील्ड वाढवायचं तर सात फाइली. मग कोणीतरी शहाण्याने अपडेटचा क्लास एंटिटीवरून एक्स्टेंड केला आणि सगळं मूळपदावर.

वागळे_इस्टेट

पोचलो घरी. राहिलेलं लिहितो.

लाराव्हेलप्रेमी, तुमची फिलेबलची यादी मॉडेलला चिकटलेली आहे आणि अडचण तिथेच आहे. क्षेत्रफळ फिलेबल की नाही? सदस्यासाठी नाही, पण कमिटीच्या स्क्रीनवर ते बदलावंच लागतं. मग एका यादीत दोघांना कसं बसवणार? कमिटीसाठी क्षेत्रफळ यादीत टाकलं की सदस्याच्या स्क्रीनलाही ते उघडं. रेल्सने यादी मॉडेलमधून कंट्रोलरमध्ये नेली ती यासाठी. 'हे फील्ड सुरक्षित आहे का' हा प्रश्नच अपुरा आहे. कोण, कुठल्या कामासाठी बदलतोय हे त्यात धरावं लागतं.

नोडी बाबांच्या सात फाइलींबद्दल: सगळीकडे नका करू. वाचायच्या यादीचा आणि तपशिलाचा क्लास एक चालतो. लिहिण्याच्या वाटा मात्र वेगळ्या हव्यात. आणि नव्या जावात रेकॉर्ड आहे, तीन फील्डांचा इनपुट क्लास एका ओळीत होतो. स्प्रिंग बूट ३ वर असाल तर जावा १७ आहेच तुमच्याकडे, कारण सांगायला जागा नाही.

लाराव्हेलप्रेमी

काका, व्हॅलिडेटेडचे नियम दर रिक्वेस्टला वेगळेच असतात हो. म्हणजे आम्हीही तेच करतो, फक्त क्लासला फॉर्म रिक्वेस्ट म्हणतो.

वागळे_इस्टेट

मग भांडण मिटलं. फिलेबल हे मागचं कुंपण, नियम हा पुढचा दरवाजा. दोन्ही ठेवा.

पोस्टग्रेस_पंत

कोणी डेटाबेसचं नावच काढत नाही! पोस्टग्रेसमध्ये कॉलमवर अपडेटचा अधिकार देता येतो. सदस्यांच्या सेवेसाठी डेटाबेसचा वेगळा यूजर करा, त्याला मोबाइल, ईमेल, गाडी या तीनच कॉलमांचा अधिकार द्या. कोडने काहीही आणलं तरी थकबाकी हलणार नाही.

जावाबिवा

@पंत, कल्पना उत्तम, पण हायबरनेट (जावाचं ओआरएम, म्हणजे ऑब्जेक्ट आणि टेबल जोडणारी लायब्ररी) मुळात अपडेट लिहिताना सगळे कॉलम लिहितं, बदललेले असोत नसोत. तुमचा अधिकार लावला की पहिलाच अपडेट आपटेल. एंटिटीवर डायनॅमिक अपडेट लावावं लागेल. शिवाय एकाच कनेक्शन पूलमधून (डेटाबेसच्या सामायिक जोडण्या) सदस्य आणि कमिटी दोघंही येत असतील तर यूजर वेगळा कसा करणार?

पोस्टग्रेस_पंत

म्हणून ओआरएम नको म्हणतो मी. पण तो धागा दरवर्षी निघतो, इथे नको.

मानपाडा_सचिव

मी प्रोग्रॅमर नाही, पण पाचपाखाडीकर, मी खरोखरचा सेक्रेटरी आहे, हार-नारळ कोणी आणला नव्हता. धागा जमेल तसा वाचला. दोन गोष्टी.

एक, आमच्या सोसायटीतही असंच अ‍ॅप आहे. त्यात हे भोक आहे का, हे मी कसं तपासू?

दुसरी. तुम्ही सगळे धरून चाललात की मोबाइल, ईमेल, गाडी ही निरुपद्रवी फील्डं. आमच्या अ‍ॅपमध्ये सदस्याला 'स्वतः राहतो' की 'भाड्याने दिला' हे निवडता येतं, फॉर्मवर राजरोस आहे. भाड्याने दिला असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लागतो, सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के. आमच्याकडे एकाने भाडेकरू ठेवून 'स्वतः राहतो' असं टिक केलं आणि पुढच्या बिलातून ती रक्कम गेली. यात हॅकिंग काय? दिलेलं खोकं भरलं त्याने. गाडीचंही तेच. दुसरी गाडी सदस्याने स्वतः नोंदवली की अ‍ॅप पार्किंगचा स्टिकर देऊन मोकळं. कुठलं फील्ड सदस्याने भरायचं हे कमिटीला कोणी विचारलंच नव्हतं, अ‍ॅपवाल्यांनी परस्पर ठरवलं.

निळी_शाई

सचिवसाहेब, हा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नव्हता.

तपासण्याबद्दल: स्वतः काही पाठवून बघू नका. दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये परवानगीशिवाय असं करणं आयटी कायद्यात बसत नाही, हेतू चांगला असला तरी. अ‍ॅपवाल्यांना लेखी विचारा: सदस्याच्या खात्यातून थकबाकी, क्षेत्रफळ, भूमिका बदलायची विनंती आली तर सर्व्हर काय करतो, आणि हे तुम्ही तपासलंय का? उत्तरात 'फॉर्मवर ते फील्डच नाही' असं आलं, तर अव्याच्या सरांची कंपनी समजा.

ऐरोलीचा_अव्या

@निळी_शाई, बास की आता. सर हा धागा वाचतायत, मीच लिंक दिली.

ठरलेलं सांगतो. चाळीस एंटिटींना हात लावत नाही. पैशाला आणि भूमिकेला स्पर्श करणारे स्क्रीन आधी: प्रोफाइल, फ्लॅट, बिल. लिहिण्याच्या प्रत्येक वाटेला एक रेकॉर्ड, आणि त्यातून एंटिटीत फील्डं हाताने भरायची, कॉपी करणारी युटिलिटी वापरायची नाही. जुन्या जेएसपी स्क्रीनना तोपर्यंत अलाउड यादी. निळ्या शाईची 'आलं तसं परत पाठव' चाचणी रोजच्या बिल्डमध्ये घातली. आणि सचिवसाहेबांमुळे एक भर: भाडेकरूचं फील्ड आता थेट सेव्ह न होता कमिटीकडे मंजुरीला जाईल. सरांना हे शेवटचं सगळ्यात आवडलं, म्हणतात हे नवीन फीचर म्हणून विकता येईल.

फ्रेमवर्कची जबाबदारी की आपली, यावर माझं मत थोडं बदललंय. मुळात बंद ठेवणं हे फ्रेमवर्कचं काम. कोणासाठी काय उघडायचं हे त्याला कळूच शकत नाही, ते सचिवसाहेबांनाच विचारावं लागतं.

एकच अडलंय. अनोळखी फील्ड आलं तर एरर द्यावी की गुपचूप सोडून द्यावं? स्प्रिंग बूट मुळात सोडून देतं.

नोडी_बाबा

एरर. गुपचूप सोडलं तर कोणी प्रयत्न केला हे तुला कधीच कळणार नाही.

जावाबिवा

मोबाइल अ‍ॅप आहे, जपून. लोकांच्या फोनवर जुन्या आवृत्त्या असतात आणि त्या पूर्ण एंटिटी परत पाठवत असणार. एरर चालू केलीस तर सकाळी अर्ध्या ठाण्याला गाडीचा नंबर बदलता येणार नाही. आधी सोडून दे, पण लॉगमध्ये नोंद ठेव. जुन्या आवृत्त्या संपल्या की एरर चालू कर.

ऐरोलीचा_अव्या

हे पटलं. नोंद ठेवतो. आणि रिक्वेस्टमध्ये ईमेल आलाच नाही आणि ईमेल नल (रिकामा) आला, यातला फरक रेकॉर्डमध्ये कसा धरायचा?

जावाबिवा

त्याला नवीन धागा काढ. तो याच्यापेक्षा लांब जाईल.